चिनी की जपानी : कुपवाडच्या एका घराचा तीन वर्षांचा हिशेब

२०२२ च्या जूनमध्ये सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या जपानीच्या वर्गात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. कुपवाड एमआयडीसीत त्यांचा छोटा कारखाना आहे. पंपाचे सुटे भाग जॉबवर्कने करून देतात. चार लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कोरायचं यंत्र) आणि कर्ज काढून आदल्या वर्षी घेतलेलं चिनी लेझर कटिंग मशीन. मुलीनं नुकतीच मेकॅनिकल डिप्लोमाची शेवटची परीक्षा दिली होती आणि थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता. खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, "मॅडम, पोरीला चिनी शिकवायचंय. तुम्ही जपानी शिकवता ते ठाऊक आहे. पण चिनी कुठं शिकायचं ते तुम्हालाच ठाऊक असणार की."

मुलगी गप्प होती. तिला जपानी शिकायचं होतं, कारण चाकणला एका जपानी कंपनीत असलेल्या मामांनी तसं सांगितलं होतं. म्हणजे घरात आधीच दोन पक्ष पडले होते आणि मला पंच म्हणून बोलावलं होतं.

त्यानंतर हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे बरीच घरं आली. तीन वर्षांनी काय झालं हे मी जवळून पाहिलं आहे ते या एकाच घराचं, म्हणून त्यांच्या परवानगीनं ते लिहिते आहे. नावं देत नाही.

घरातले पक्ष

वडिलांचा आग्रह हवेतला नव्हता. त्या मार्चमध्ये लेझर मशीन अकरा दिवस बंद पडलं होतं. पडद्यावर चिनी अक्षरांत काहीतरी येत होतं. मुंबईचा विक्रेता फोन उचलत नव्हता. चिनी तंत्रज्ञ प्रत्यक्ष येण्याची शक्यताच नव्हती, कारण २०२० च्या गलवान चकमकीनंतर चिनी माणसांना व्हिसा मिळणं जवळजवळ थांबलं होतं. शेवटी व्हिडिओ कॉलवर, मोबाइलच्या भाषांतर अ‍ॅपमधून तुटक तुटक बोलत, कसंबसं ते सुरू झालं. अकरा दिवसांत बँकेचा हप्ता काही थांबला नाही. "घरात एक माणूस चिनी जाणणारा असता तर," हे वाक्य त्यांनी त्या दिवशी तीन वेळा म्हटलं.

मामांचं म्हणणं साधं होतं. पुणे पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, त्या इंजिनिअरला भाषेसाठी वेगळे पैसे देतात, आणि मुलगी पुण्यात त्यांच्या नजरेसमोर राहील. आईला यातलं शेवटचं कारण सगळ्यांत पटलेलं होतं.

आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी मला घरी बोलावून सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची आठवण काढली. कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्या सैनिकांवर उपचार केले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. "आपल्याकडचा माणूस ऐंशी वर्षांपूर्वी ती भाषा शिकला, मग आजच्या पोरीला काय अवघड?" असा त्यांचा सवाल. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं आणि आजही नाही. अवघड आहे म्हणून चिनी टाळा, असं मी कुणालाच सांगत नाही.

मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट केली. मी जपानी शिकवते, माझं घर त्यावर चालतं, तेव्हा माझा कल एकीकडे असणारच. म्हणून पुण्यात अनेक वर्षं चिनी दुभाषी म्हणून काम केलेल्या माझ्या एका मैत्रिणीला या बोलण्यात घेतलं. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही चारदा बसलो, दोनदा प्रत्यक्ष आणि दोनदा व्हिडिओ कॉलवर.

मैत्रिणीनं चिनीची बाजू मांडली

तिनं ती चांगली मांडली. पहिला मुद्दा व्यापाराचा. भारत सगळ्यांत जास्त माल ज्या देशाकडून घेतो तो चीन. २०२४-२५ चा आकडा आता आपल्यासमोर आहे : चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरची आयात. जपानकडून होणारी आयात त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. कुपवाडच्या कुठल्याही गाळ्यात जा, इन्सर्टपासून इन्व्हर्टरपर्यंत काही ना काही चिनी सापडतंच. मार्केट यार्डात हळदीचं पॅकिंग मशीन किंवा बेदाणा निवडायचं मशीन शोधणारा माणूस शेवटी चिनी कारखान्याच्या दारात पोचतो.

दुसरा मुद्दा माणसांच्या तुटवड्याचा. "पुण्यात दगड मारला तर जपानी शिकणाऱ्याला लागेल. नीट चिनी बोलणारे मराठी इंजिनिअर तू मला दहा दाखव." व्हिसा बंद असल्यामुळे तिला उलट काम वाढलं होतं. यंत्रं येत होती, ती बसवणारे येत नव्हते, मग व्हिडिओ कॉलवर दोन्ही बाजू सांभाळणारा माणूस लागत होता.

तिसरा मुद्दा मला फार आवडला. मराठी तोंडाला चिनी उच्चार वाटतात तेवढे परके नाहीत. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे फरक जसेच्या तसे आहेत आणि ते आपल्याला जन्मतःच येतात. इंग्रजी भाषकाला तिथंच घाम फुटतो. आपण ज्याला बीजिंग म्हणतो त्याचा पहिला उच्चार खरं तर आपल्या ‘पे’ला जवळचा आहे. शिवाय मराठीला दोन च आहेत, चहातला आणि चमच्यातला. चमच्यातला च चिनीला लागतो, आणि हिंदी बोलणाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, वचन नाही. व्याकरणाचे तक्ते पाठ करायला नकोत.

अडतं ते सुरांवर. ‘मा’ एका सुरात म्हटलं की आई, दुसऱ्या सुरात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिव्या देणं. हे पुस्तकातून येत नाही. शेजारी बसून चूक काढणारा शिक्षक लागतो, आणि सांगलीत २०२२ मध्ये तसा कुणी आम्हाला मिळाला नाही. पुढची गोष्ट परीक्षेची. एचएसके ही चिनी सरकारची प्रमाण परीक्षा. तिची चौथी पातळी, म्हणजे तेव्हा सुमारे बाराशे शब्द, गाठल्याशिवाय कामाचं बोलणं होत नाही. त्यातच २०२१ मध्ये नऊ पातळ्यांचं नवं मानक आलं होतं आणि कोणत्या पुस्तकावर विसंबायचं याचा गोंधळ होता. मुंबई विद्यापीठातली कन्फ्यूशियस संस्था, म्हणजे चीनच्या मदतीनं चालणारं चिनी भाषेचं केंद्र, हा एकेकाळी आधार होता. पण २०२० मध्ये केंद्रानं अशा संस्थांची फेरतपासणी हाती घेतली, त्यानंतर त्यावर विसंबून तीन वर्षांचा बेत आखायची आमची हिंमत झाली नाही.

आणि राजकारण. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं नियम केला की भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशातून गुंतवणूक यायची तर सरकारची परवानगी लागेल. त्याच वर्षी जाहीर झालेल्या नव्या शिक्षण धोरणात शाळेतल्या परदेशी भाषांच्या यादीत जपानी, कोरियन, थाई आहेत. आधीच्या मसुद्यात असलेली चिनी अंतिम यादीत नाही. तळेगावचं उदाहरण आपल्या जवळचं. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना चीनची ग्रेट वॉल मोटर घेणार होती. जून २०२० मध्ये राज्य सरकारशी करार झाला, त्याच सुमारास गलवान घडलं, परवानगी आली नाही आणि २०२२ च्या मध्याला व्यवहार संपला. पुढच्या वर्षी तो कारखाना ह्युंदाईनं घेतला. त्या कारखान्याच्या भरवशावर कुणी चिनी शिकलं असेल तर त्याची मेहनत खोटी नव्हती, पण तिचा भाव दिल्ली आणि बीजिंगमध्ये ठरला. मैत्रिणीनं हे स्वतःहून सांगितलं. तिच्या कामाच्या दोन वर्षांत काय चढउतार झाले तेही आकड्यांसकट सांगितलं. असा प्रामाणिक माणूस बोलण्यात असणं ही या प्रकरणातली मोठी जमेची बाजू होती.

जपानीबद्दल मी काय सांगितलं

जपानीचा बाजार वेगळ्या रीतीनं चालतो. तिथं कागद बोलतो. जेएलपीटी या जपानीच्या प्रमाण परीक्षेच्या पाच पातळ्या आहेत, सगळ्यांत सोपी एन-५ आणि सगळ्यांत अवघड एन-१. परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पुण्यात केंद्र आहे. कंपनीच्या जाहिरातीत "एन-३ किंवा वर" असं सरळ लिहिलेलं असतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ही भाषा कितीतरी वर्षं शिकवली जाते. त्यामुळे पुस्तकं, जुने विद्यार्थी, सराव परीक्षा हे सगळं हाताशी असतं. सांगलीहून पुणे रात्रीच्या एसटीनं पाच-सहा तासांवर आहे, आणि तिथं मामांचं घर.

पण माझ्या दृष्टीनं खरी जमेची गोष्ट व्याकरणाची आहे, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाला ही कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था चिनी आणि जपानी या दोन्ही भाषांना सगळ्यांत अवघड गटात टाकते, प्रत्येकी सुमारे २,२०० तास, आणि त्यातही जपानी किंचित जड मानते. तो हिशेब इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे. "मी उद्या पुण्याला जाणार" हे जपानीत "वाताशि वा आशिता पुणे नि इकिमासु". शब्दामागून शब्द ठेवा : मी, उद्या, पुणे-ला, जाणार. क्रम तोच, प्रत्यय नामाच्या मागे, क्रियापद शेवटी. चिनीत हेच "वो मिंगथ्येन छ्यू फूना", म्हणजे मी उद्या जाणार पुणे.

आणखी पुढे जाऊ. आपण ‘करून बघ’ म्हणतो. त्यात बघण्याचा डोळ्यांशी संबंध नाही, प्रयत्न कर असा अर्थ. जपानीत नेमकं तेच : ‘शिते मिरु’, करून बघणे. ‘लिहून ठेव’ म्हणजे पुढे उपयोगी पडेल म्हणून लिही. जपानीत ‘काइते ओकु’, लिहून ठेवणे. ‘विसरून गेलो’मधली हळहळ ‘वासुरेते शिमात्ता’त असते. "येतो म्हणाला" या वाक्यात आपण जसं बोलणं आधी आणि म्हणाला नंतर ठेवतो, तसंच तिकडे. ‘चूल’ म्हणताना जो च येतो त्यावरच ‘त्सुनामी’चा त्सु उभा आहे. तू, तुम्ही, आपण या पायऱ्या ज्याच्या कानात लहानपणापासून आहेत त्याला जपानी आदरार्थी रूपं जड जातात, पण विचित्र वाटत नाहीत. वर्गात हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं की मुलांचे चेहरे बदलतात. या मुलीचाही बदलला.

डोंगर आहे तो लिपीचा. हिरागाना आणि काताकाना, मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, ही महिन्याभरात होतात. पण नेहमीच्या वापराच्या कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, २,१३६ आहेत आणि एकेका अक्षराचे दोन-तीन उच्चार. चिनीत सहसा एका अक्षराला एक उच्चार. त्या बाबतीत जपानी जास्त छळते आणि ते मी लपवलं नाही.

माझ्या वर्गाचा अनुभवही सांगितला : रोज दीड तास देणाऱ्याला एन-३ गाठायला अडीच ते तीन वर्षं लागतात. एन-५ आणि एन-४ ची प्रमाणपत्रं इंजिनिअरच्या नोकरीत फारशी मोजली जात नाहीत. एन-४ वर थांबलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचे दीड वर्षाचे कष्ट कपाटात पडून आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. चिनीचंही तसंच. अर्ध्यात सोडलेली भाषा बाजारात विकली जात नाही.

गाठ कुठं सुटली

तिसऱ्या बैठकीत मैत्रिणीनं वडिलांना विचारलं, "तुमच्या मशीनवर वेगवेगळे चिनी शब्द किती येतात हो?" त्यांनी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर सगळ्या पडद्यांचे फोटो काढून पाठवले. मोजले तर पासष्टच्या आत. ‘चीक्वांग’ म्हणजे लेझर, ‘पाओचिंग’ म्हणजे अलार्म, ‘श्वेइवन’ म्हणजे पाण्याचं तापमान, ‘छीया’ म्हणजे हवेचा दाब. तिनं दोन दिवसांत अक्षर, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ आणि "हे आलं तर काय तपासायचं" असा चार रकान्यांचा तक्ता करून दिला. तो लॅमिनेट होऊन मशीनशेजारी लागला. मोठा बिघाड झाला तर तासाच्या दरानं ती स्वतः कॉलवर येईल असंही ठरलं.

तिथं सगळ्यांच्या लक्षात आलं की प्रश्न दोन होते आणि ते एका वाक्यात बांधले गेले होते. कारखान्याला पासष्ट शब्द आणि अडीअडचणीला एक दुभाषी हवा होता. मुलीला पुढच्या तीस वर्षांचं काम हवं होतं. कारखान्याच्या गरजेपायी मुलीची तीन वर्षं घालायची गरज नव्हती. वडिलांना हे पटायला एक दिवस लागला. मग ते म्हणाले, "म्हणजे मशीनचं भागलं. आता पोरीचं बोला."

पोरीचं बोलताना आम्ही एकच कसोटी लावली : कुपवाडमध्ये राहून, कॉलेज सांभाळून, तीन वर्षं न तुटता कोणती भाषा चालू राहील? वर्ग सायकलवरून पंधरा मिनिटांवर, परीक्षा पुण्यात, मामा पुण्यात, आणि इंजिनिअर म्हणून तिला जिथं नोकरी मागायची तो चाकण-रांजणगाव पट्टा. या कसोटीवर २०२२ मध्ये जपानी उजवी ठरली. मैत्रिणीचंही मत तेच पडलं. मात्र तिनं बजावलं की हेच घर आयात-निर्यातीचं असतं, किंवा मुलीला वडिलांचा धंदाच पुढे न्यायचा असता, तर तिनं चिनी सांगितली असती. मलाही तसंच वाटतं. दुकान चालवणाऱ्याला चीनकडून माल घ्यायचा असतो. तिथं प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, भाव करता आला पाहिजे. नोकरी मागणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं.

मधल्या काळात मिरजेत नर्सिंग केलेली तिची चुलत बहीणही विचारायला आली. तिचा मार्ग निराळा : जपाननं एप्रिल २०१९ पासून सुरू केलेल्या विशिष्ट कुशल कामगार व्हिसात वृद्धांच्या शुश्रूषेसाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक परीक्षा चालते. जोडीला शुश्रूषेच्या कामाची आणि त्या कामातल्या भाषेची अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. भारताशी याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. एका एजंटानं तिच्याकडे आधीच मोठी रक्कम मागितली होती. ती देऊ नका, एवढंच मी ठामपणे सांगितलं.

पुढची तीन वर्षं

डिसेंबर २०२२ मध्ये एन-५ झाली. २०२३ च्या जुलैत एन-४ द्यायची होती, पण विद्यापीठाची परीक्षा त्याच दिवसांत आली. मग एन-४ डिसेंबरला ढकलली आणि झाली. वडिलांच्या कारखान्यात ‘फाइव्ह एस’चा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचा, फलक आधीपासून टांगलेला होता. सेइरि, सेइतोन, सेइसो हे शब्द कामगार रोज बघायचे, अर्थ कुणाला नेमका ठाऊक नव्हता. तिनं तिथं खडूनं मराठी लिहिलं : नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडून पुसून घ्या. उरलेले दोन, सेइकेत्सु आणि शित्सुके, कसे लिहावे यावर आम्ही वर्गात तासभर बोललो.

एप्रिल २०२४ मध्ये, सांगलीचा उन्हाळा भरात असताना, लेझर मशीन पुन्हा थांबलं. नव्या सॉफ्टवेअरमुळे पडद्यावर तक्त्यात नसलेला मजकूर आला होता. वडिलांनी सवयीनं फोटो मैत्रिणीला पाठवला, ती प्रवासात होती. मुलगी कॉलेजवरून आली, तिनं पडदा पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, यात पाणी आहे, ऊब आहे आणि उंच आहे." सहा अक्षरांतली तिला तीन ओळखू आली, कारण कांजी मूळची चिनीच अक्षरं. पाण्याचं तापमान जास्त झालं होतं. चिलरच्या, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या, जाळीत कापसासारखी धूळ बसली होती. हवा मारून साफ केली आणि तासाभरात मशीन सुरू झालं.

वडील शेजारच्या गाळ्यांत सांगत सुटले की जपानी शिकलं की चिनी फुकट येते. मी त्यांना लगेच थांबवलं. तीन अक्षरं ओळखणं म्हणजे भाषा येणं नाही. आधुनिक चीननं बरीच अक्षरं सोपी करून वेगळी केली आहेत, उच्चार तर पार निराळे. ‘हात’ आणि ‘कागद’ ही दोन अक्षरं जोडून जपानीत पत्र होतं आणि चिनीत शौचालयातला कागद. हे ऐकून त्यांनी बढाई आवरती घेतली.

डिसेंबर २०२४ मध्ये एन-३ ला ती नापास झाली, आणि तो दोष बराचसा माझा होता. तिला १८० पैकी १०१ गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला ९५ लागतात. पण प्रत्येक भागात ६० पैकी किमान १९ हवेत, आणि ऐकण्याच्या भागात तिला १७ मिळाले. माझ्या वर्गात जपानी माणसाचा आवाज कमी आणि माझा जास्त असतो. मी सावकाश, शब्द तोडून, मराठी हेलात जपानी बोलते. मुलांच्या कानाला त्याचीच सवय होते. कागदावर भक्कम असलेली मुलगी वेगानं बोलणारा माणूस आला की पहिल्या वाक्यालाच मागे राहायची. निकाल पाहून ती दोन दिवस वर्गात आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले आणि तिच्या आईसमोर हे सगळं असंच सांगितलं.

पुढचे सहा महिने आम्ही व्याकरणाला हातच लावला नाही. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या बातम्या रोज वीस मिनिटं. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, त्याच वेगात पाठोपाठ बोलायचं, स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकायचा. आई भाकरी थापताना तेच ऐकायची. मे महिन्यात तिनं एकदा मला विचारलं, "तो माणूस सारखा ‘देसु’ ‘देसु’ का म्हणतो हो?" म्हटलं, आपल्या ‘आहे’सारखं आहे ते. वर्गातली बाकी मुलंही आता याच पद्धतीनं शिकतात.

जुलै २०२५ मध्ये तिनं पुन्हा परीक्षा दिली. ऑगस्टअखेर निकाल आला : ११२ गुण, ऐकण्यात ३३. त्याच आठवड्यात टोकियोत भारत आणि जपाननं पाच वर्षांत दोन्हीकडून मिळून पाच लाख माणसांची देवाणघेवाण करायची योजना जाहीर केली. त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसं आणि होतकरू उमेदवार जपानला जावेत असं म्हटलं आहे. घरात निकालापेक्षा त्या बातमीचीच चर्चा जास्त झाली.

सप्टेंबरमध्ये चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीत तिची मुलाखत झाली. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे प्रमाणपत्र असूनही इथं मुलं अडखळतात. ओळख करून देताना तीही अडखळली. मग समोरच्या जपानी अधिकाऱ्यानं वडिलांच्या कारखान्याबद्दल विचारलं, आणि चिलरची जाळी, अकरा दिवसांचा हप्ता, खडूनं लिहिलेला फलक हे सगळं तिनं जमेल तशा जपानीत सांगितलं. ऑक्टोबरपासून ती गुणवत्ता विभागात प्रशिक्षणार्थी इंजिनिअर आहे. रेखाटनांवरच्या जपानी नोंदी वाचणं आणि तक्रारींचे अहवाल दोन्ही भाषांत करणं हे तिचं काम. पगाराबरोबर भाषेचा वेगळा भत्ता मिळतो, एन-२ झाली की तो वाढणार आहे. मेकॅनिकलची पदवी नसती तर नुसत्या एन-३ वर ही जागा मिळाली नसती, हे मुलाखत घेणाऱ्यानंच तिला सांगितलं.

आज विचारलं तर

२०२२ चं उत्तर मी आज डोळे झाकून देणार नाही. त्यानंतर बरंच हललं आहे. जुलै २०२५ पासून चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागला. ऑक्टोबरअखेर पाच वर्षांनी दोन देशांमधली थेट विमानं सुरू झाली. मैत्रिणीकडे शिकायला येणाऱ्यांत आता इचलकरंजीचे यंत्रमागवाले आहेत आणि सांगलीचे दोन आयातदार. त्यांच्यासाठी ती परीक्षेची पुस्तकं बाजूला ठेवून भाव, वजन, मुदत, दुरुस्ती एवढ्याच विषयांवर चाळीस तासांचा अभ्यास घेते. मला तो फार योग्य वाटतो. परीक्षेच्या वाटेनं जाणाऱ्या नोकरीवाल्या मुलांना मात्र मी अजूनही आधी विचारते : शिक्षक किती लांब आहे आणि तीन वर्षांत तुझ्या कोणकोणत्या परीक्षा मध्ये येणार आहेत?

त्या घरातला धाकटा मुलगा अकरावीत आहे. त्याला इंजिनिअर व्हायचं नाही, कारखाना चालवायचा आहे. दिवाळीपासून तो मैत्रिणीकडे ऑनलाइन चिनी शिकतो. ताई शनिवारी चाकणहून आली की त्याची वही बघते. अक्षरांच्या रेघांचा क्रम ती सांगते, उच्चार मात्र तोच तिला म्हणून दाखवतो, कारण तिला ते येत नाहीत. एप्रिलमध्ये ग्वांगचौच्या मोठ्या व्यापारी जत्रेला जायचं म्हणून पप्पांनी दोघांचे पासपोर्टचे अर्ज भरले आहेत, स्वतःचा आणि त्याचा.